सुगंधी फ्लेक तंबाखू: वास आणि चव ओळखण्याची पहिली पायवाट

निपाणीत वाढलेल्या माणसाला तंबाखूचा वास शिकवावा लागत नाही, असा आमच्याकडे समज आहे. वखारींच्या गल्लीतून शाळेला जाताना जी ठसका आणणारी धूळ नाकात बसते, तिलाच आम्ही तंबाखूचा वास म्हणत मोठे झालो. म्हणून पाइपमध्ये ओढायच्या सुगंधी फ्लेकची डबी मी पहिल्यांदा उघडली, तेव्हा आत तंबाखू आहे यावर विश्वासच बसेना. नरकचतुर्दशीच्या पहाटे कोणी उटण्याची वाटी पुढे करावी, तसा तो वास होता. निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर या पट्ट्यातल्या ज्या प्रौढ वाचकाच्या हाती परदेशातून आलेल्या एखाद्या पाहुण्याने अशी डबी ठेवली आहे आणि या वासाचे नेमके करायचे काय, हे ज्याला उमगत नाही, त्याच्यासाठी हे टिपण आहे.

एक गोष्ट मात्र आडपडदा न ठेवता सांगतो. पाइपचा धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही, आणि वास गुलाबाचा असला तरी निकोटिनचे व्यसन लागायचे ते लागतेच. ज्याला तंबाखूची सवय नाही, त्याने ही डबी नाकापुरतीच ठेवावी. त्याचे फारसे बिघडणार नाही, कारण सुगंधी फ्लेकमधले बरेचसे सुख काडी ओढण्याआधीच मिळून जाते, असे माझे इतक्या वर्षांचे मत आहे. कर्नाटकात आता एकवीस वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकता येत नाही, हेही घरातल्या तरुण मुलांच्या कानावर असू द्यावे.

वासाकडे वळण्याआधी पान समजून घ्यावे. आपल्या रानातला विडीचा तंबाखू वाढवताना शेंडा खुडतात, फुटवे काढतात, म्हणजे सगळा जोर पानात उतरून पान जाड होते. पानावर तांबूस ठिपके उमटले की कापणी होते आणि माल उन्हात वाळवतात. अशा सावकाश वाळण्यात पानातली साखर बहुतेक संपते आणि कडकपणा तेवढा उरतो. फ्लेकचा पाया बहुधा व्हर्जिनिया जातीच्या पानाचा असतो. ते पान बंद कोठारात लोखंडी नळ्यांच्या उष्णतेवर काही दिवसांतच वाळवतात. पान पिवळे झाले की उष्णता वाढवून ते तिथेच थांबवले जाते, त्यामुळे साखर पानात टिकून राहते. यासाठी विलायतेकडे पाहायची गरज नाही, आपल्याच राज्यात म्हैसूरकडे हुणसूर आणि पिरियापट्टण भागात हे पीक मोठ्या प्रमाणात होते. व्हर्जिनियाबरोबर कधी बर्ली नावाची दुसरी जात असते. ती सावलीत, नुसत्या वाऱ्यावर वाळवतात. तिच्यात साखर नावालाच उरते, पण पान टिपकागदासारखे असल्यामुळे वरून दिलेला वास ती भरपूर पिऊन घेते.

फ्लेक हे पानाच्या जातीचे नाव नाही, ते तयार करण्याच्या पद्धतीवरून पडले आहे. शिरा काढलेली पाने वाफेने मऊ करून एकावर एक रचतात, उष्णता देऊन दाबाखाली ठेवतात आणि त्यांची घट्ट लादी झाली की दीड-दोन मिलिमीटर जाडीचे काप पाडतात. या दाबात आणि उष्णतेत पानातली साखर आणि प्रथिनांचे घटक एकमेकांवर काम करतात, रंग गडद होतो आणि कच्चा तिखट वास मावळतो. हे काय घडते ते बेळगावच्या माणसाला एका शब्दात सांगता येते: कुंदा. दूध आणि साखर कढईत आटवत ठेवल्यावर पांढऱ्याचे तपकिरी होताना जो खमंग वास गल्लीभर सुटतो, त्याच्यामागे याच जातीची रासायनिक क्रिया असते. चांगल्या फ्लेकच्या तळाशी हा कुंद्याचा वास असतो, आणि नवशिक्याने आधी त्यालाच शोधावे.

कारण त्याच्यावर आणखी दोन थर दिलेले असतात. पहिला मुरवणीचा: लादी दाबण्याआधी पानांना काकवीसारखा साखरेचा पाक, ज्येष्ठमध, कोको यांपैकी काही पाजतात. हा वास आत शिरलेला असतो, सहजासहजी जात नाही, आणि तो नाकापेक्षा जिभेला जास्त कळतो. दुसरा शिंपणीचा: काप तयार होत आले की वरून सुगंधी अर्क देतात. डबी उघडताच जो अंगावर येतो तो हाच, आणि सर्वांत आधी उडून जाणाराही हाच. खरे अत्तर ज्यांनी मनगटावर लावून पाहिले आहे, त्यांना हे सांगायला नको. गुलाब आधी येतो आणि आधी जातो, मागे चंदनाच्या तेलाची बैठक रात्रभर राहते. अत्तराची पारख बैठकीवरून होते. फ्लेकची बैठक म्हणजे पान.

शिंपणीत नेमके काय असते, हे उत्पादक सांगत नाहीत, पण घराणी ओळखता येतात. इंग्लंडच्या वायव्येला सरोवरांच्या मुलखाच्या कडेवर केंडल नावाचे गाव आहे. तिथे १७९२पासून तपकीर दळली जाते, आणि तपकिरीला जे सुगंध द्यायचे तेच तिथे पाइपच्या तंबाखूलाही मिळाले. गुलाबी जिरेनियम, टोंका बी, लव्हेंडर, कडू बदाम, लवंग अशा या वासाच्या कुळाला त्या मुलखावरून लेकलंड म्हणतात. एनरडेल फ्लेक हे त्यातले ठळक उदाहरण. दुसरीकडे एरिनमोर फ्लेकसारखा फळाच्या अंगाने जाणारा प्रकार आहे, त्यात बहुतेकांना पिकलेल्या अननसाची आठवण होते. लेकलंडबद्दल पाश्चात्य माणसांची जुनी तक्रार अशी की हा तंबाखू साबणासारखा लागतो. त्यांचेही चूक नाही, कारण त्यांच्याकडे हेच सुगंध आजीच्या साबणात आणि पावडरीत असत. आपल्या नाकाला मात्र गुलाब, वाळा, नागरमोथा, गवला-कचोरा यांची एकत्र सवय आहे. केवड्याचे पाणी आपण पानाच्या विड्यात आणि मिठाईतही घालतो. त्यामुळे फुलाचा वास तोंडात आला म्हणजे काहीतरी चुकले, असे आपल्याला वाटायचे कारण नाही. या बाबतीत आपण त्यांच्या चार पावले पुढून सुरुवात करतो, असे मी मानतो.

आता डबी उघडावी. जेवण होऊन दोन तास झालेले असावेत, आणि जेवणात लसणाची चटणी किंवा तांबडा रस्सा असेल तर तो दिवस सोडून द्यावा. झाकण उघडल्याबरोबर नाक आत खुपसू नये. कोंडलेला पहिला झोत नाकाला बधिर करतो आणि मग अर्धा तास काहीच कळत नाही. डबी दहा मिनिटे उघडी ठेवावी, हातभर अंतरावरून एक वास घ्यावा आणि जे पहिले मनात येईल ते वहीत लिहावे. मग एकच काप उचलून पांढऱ्या कागदावर ठेवावा आणि नीट पाहावा. त्यावर पिवळे, तांबूस आणि काळपट पट्टे आडवे दिसतात. पिवळा बहुधा व्हर्जिनिया, काळपट म्हणजे जास्त दाबलेले किंवा जास्त शेकलेले पान. काप बोटांना किंचित चिकट लागला तर मुरवण सढळ आहे. तो मधोमध मोडावा आणि मोडलेल्या कडेचा वास घ्यावा. वरून उटणे असते, पण या ताज्या कडेला वेगळाच वास येतो: पावसाळा संपल्यावर रचलेल्या गवताच्या गंजीचा, त्यात मनुकांचा आंबटगोडपणा, थोडी गुऱ्हाळाची चुलवणाजवळची हवा. खानापूरकडच्या माणसाला तो भाताच्या पिंजराचा वाटेल, चिकोडीच्या माणसाला कडब्याचा. दोघेही बरोबर, कारण वाळलेल्या गवताला जो गोडसर वास देतो तो कुमारिन नावाचा पदार्थ टोंका बीमध्ये भरपूर असतो, आणि म्हणूनच टोंका दिलेल्या तंबाखूत गवत कुठे संपते आणि अर्क कुठे सुरू होतो, हे सांगणे जुन्या जाणत्यालाही अवघड जाते.

वासाला शब्द सापडत नसतील तर इंग्रजी वर्णने शोधत बसू नये. ज्याने आयुष्यात बर्गमॉटचे फळ पाहिलेले नाही, त्याने बर्गमॉट लिहून उपयोग काय? ईडलिंबाची साल नखाने खरवडल्यासारखा, असे लिहावे. गुलाबी जिरेनियमचा वास गुलाबपाण्याच्या जवळचा, पण त्यात चुरगळलेल्या हिरव्या पानाची झाक असते. कडू बदामाचा वास खारकेच्या किंवा जर्दाळूच्या बीसारखा असे कोणी सांगतात. मला तो जर्दाळूच्या बीचाच वाटतो, खारकेचा नाही.

चव नाकात असते, हे पटण्यासाठी तंबाखूची गरज नाही. नाक चिमटीत घट्ट धरून एक वेलदोडा चावावा. जिभेला थोडा तिखटपणा आणि गारवा कळेल, वेलदोडा कळणार नाही. चिमूट सोडून श्वास नाकावाटे बाहेर टाकला की वेलदोडा एकदम हजर होतो. पाइप ओढणारे धुराचा थोडासा अंश तोंडातून नाकावाटे सोडतात, तो यासाठीच. नवशिक्याने ते पहिल्या दिवशी करू नये. डोळ्यांतून पाणी येते आणि वासाऐवजी मिरचीच आठवते.

यानंतरची पायरी वाळवण्याची, आणि सीमाभागात बहुतेकांचे इथेच बिनसते. फ्लेक डबीतून निघतो तेव्हा ओलसर असतो. तसाच पेटवला तर वाफ होते, जीभ भाजते, काडीमागून काडी लागते आणि सुगंधाऐवजी उकडलेल्या पाल्याचा वास येतो. काप सुटा करून कागदावर पसरावा आणि अधूनमधून चिमटीत दाबून पाहावा. दाबल्यावर गोळा होऊन तसाच राहिला तर ओला आहे, सावकाश उलगडला तर तयार आहे, कुरकुरला तर वेळ निघून गेली. एप्रिलमध्ये निपाणीत याला वीस मिनिटे पुरतात. जुलैमध्ये बेळगावात, आणि खानापुरात तर नक्कीच, दिवसभर ठेवला तरी तो वाळत नाही, उलट हवेतली ओल घेतो. अशा वेळी विजेच्या दिव्याच्या उबेत, पण दिव्यापासून वीतभर लांब ठेवावा. तव्यावर शेकू नये. शिंपणीचा वास उष्णतेने आधी उडतो, आणि मग ज्याच्यासाठी एवढी यातायात केली तेच हातचे जाते.

ओल काय करते, हे मी पैसे मोजून शिकलो आहे. फ्लेक म्हणजे दाबलेले पान आणि वरून सुगंध, एवढे वाचून माझ्या मनाने घेतले की हे आपल्याला घरी का जमू नये. विडीचा चांगला माल आणला, दोन फळ्यांमध्ये रचला, दर थरावर गुलाबपाणी आणि काकवी शिंपडली, आणि मोटारीचा जॅक लावून फळ्या आवळल्या. महिना आषाढाचा होता. चार दिवस घरात फार सुंदर वास सुटला, सातव्या दिवशी त्यात शिळ्या भाकरीचा वास मिसळला, आणि नवव्या दिवशी फळ्या उघडल्या तेव्हा लादीवर पांढरी-हिरवी लव उभी होती. वास, पाणी आणि साखर हे तिन्ही घातले, पण उष्णता आणि कोरडेपणाचे गणित घातलेच नाही. त्यातला एक कोरडा राहिलेला कोपरा मोडून मी ओढून पाहिला. गुलाबाचा मागमूस नव्हता, विडी मात्र पुरेपूर होती. कडक पानावर फूल टिकत नाही, हे त्या एका झुरक्यात कळले.

तयार काप पाइपमध्ये भरण्याच्या तीन रीती आहेत. अख्खा काप दुमडून, पिळून आत बसवता येतो. कात्रीने त्याचे बारीक चौकोन करता येतात. किंवा बोटांनी तो पूर्ण सुटा करता येतो. दुमडलेला काप मंद जळतो आणि वासाचे थर हळूहळू उलगडतो, पण तो सारखा विझतो. सुरुवातीला सुटा केलेलाच बरा. सुटा करताना आपला हात आपोआप तळव्यावर अंगठा घासू लागतो, पण इथे तंबाखू मळायचा नाही. मळला की भुगा होतो आणि भुगा गरम जळतो. रेशे एकमेकांपासून सोडवावेत, एवढेच. तळाशी अगदी सैल, मध्ये जरा बेताचा आणि वर किंचित घट्ट असा भरावा. पेटवण्याआधी नुसती हवा ओढून पाहावी. शहाळ्यात नळी घालून पाणी ओढताना जेवढा जोर लागतो त्याच्या आसपास जोर लागला तर भरणे जमले.

पेटवायला काडेपेटी घ्यावी आणि काडीचे डोके जळून जाऊ द्यावे, नाहीतर पहिला वास गंधकाचा येतो. पेट्रोलचा लायटर या तंबाखूजवळ आणू नये. पहिली काडी सर्व बाजूंनी फिरवली की तंबाखू फुगून वर येतो. तो हलकेच दाबावा आणि दुसरी काडी लावावी. पुढे घाई अजिबात नको. कढत चहा बशीतून जसा घोट-घोट घेतात, तसा धूर घ्यावा, तोंडात ठेवावा आणि सोडावा. पाइपची वाटी हातात धरवेना इतकी तापली तर खाली ठेवून द्यावी, विझली तर विझू द्यावी.

पहिल्या पाच-सात मिनिटांत शिंपणीचाच अंमल असतो: गुलाब, बदाम, फळ, जे काही असेल ते. पुष्कळ जण एवढ्यावरच मत बनवतात आणि तंबाखू आवडला किंवा नाही आवडला, असे सांगून मोकळे होतात. खरी परीक्षा मधल्या एक-तृतीयांश हिश्शात आहे. तिथे अर्क मागे सरतो आणि पान पुढे येते. चांगल्या फ्लेकमध्ये या वेळी कुंद्याची आठवण होते, भाजलेल्या पावाची कड जिभेवर येते, आणि फुलाचा वास गेला म्हणता म्हणता मध्येच एखाद्या झुरक्यात परत डोकावतो. वाईट फ्लेकमध्ये इथे फक्त पोकळी असते, नुसता गरम धूर. अत्तर ओतून साधे पान लपवले होते, हे तिथे उघडे पडते. शेवटच्या हिश्शात कडवटपणा आणि राखेचा वास वाढतो. तो अमृत म्हणून संपवण्याची सक्ती नाही, पाइप रिकामा करावा.

सुगंधामुळे हा तंबाखू सौम्य असेल अशी समजूत होते, ती खोटी आहे. केंडलच्या काही फ्लेकमध्ये गडद, जोरकस पान असते आणि रिकाम्या पोटी ते सहज लागते. तंबाखू लागणे म्हणजे काय हे आपल्याकडे पोराबाळांनाही माहीत असते: घाम सुटतो, मळमळते, डोके गरगरते. लगेच पाइप खाली ठेवावा, पाणी प्यावे, गुळाचा खडा तोंडात धरावा आणि पडून राहावे.

उरलेला तंबाखू काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावा. लोणच्याची किंवा मसाल्याची बरणी कितीही धुतली तरी नको, कारण फ्लेक वास देतो तसा घेतोही. माझा एक काप गोडा मसाल्याच्या डब्याशेजारी महिनाभर राहिला आणि त्यात दगडफूल कायमचे शिरले. बरणी अंधारात ठेवावी, फ्रिजमध्ये नको. बंद बरणीत वर्षे गेली की व्हर्जिनियाचे पान मुरते आणि गोडावते, पण शिंपणीचा वास तेवढ्याच काळात फिका पडतो. तेव्हा ज्याला उटणे आवडले त्याने वर्षभरात संपवावे, ज्याला गवताची गंजी आवडली त्याने थांबावे.

राहिला पाइप. लेकलंड घराण्याचा तंबाखू ज्या पाइपमध्ये एकदा भरला, त्यात तो घर करून राहतो. ब्रायर लाकडाच्या महागड्या पाइपवर पहिला प्रयोग करू नये, मक्याच्या कणसाचा स्वस्त पाइप आणावा आणि तो याच कामाला ठेवावा. ओढून झाल्यावर गार होऊ द्यावा, नळी गरम असताना उपसू नये, मग आत लोकरी तार फिरवून ओल टिपून घ्यावी आणि तोंड वर करून रात्रभर ठेवावा. सकाळी चहाच्या आधी, नाक ताजे असताना, त्या रिकाम्या वाटीचा वास घ्यावा आणि तोही आदल्या दिवशीच्या नोंदीखाली लिहावा. माझ्या कणसाच्या पाइपात साधे, बिनवासाचे व्हर्जिनिया भरून आता दीड वर्ष होत आले, तरी पावसाळी सकाळी त्यातून अजून जिरेनियम येते.